माल कशाला म्हणायचे?

ईद झाली, सकाळची शाळा सुरू झाली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तिसरीच्या वर्गात एक दुकान उघडले. दुकान म्हणजे शेवटच्या बाकावर ठेवलेली दोन लिटरची थर्मासची बाटली आणि एक स्टीलचा पेला. भाव एका पेल्याला एक रुपया. आम्हाला याचा पत्ता लागला तो तिसऱ्या दिवशी, एक मुलगी रडत आली तेव्हा. "टीचर, मेरे पास रुपया नहीं है, और वो पानी नहीं दे रहा."

नागपूरचा एप्रिल कसा असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. शाळेच्या टाकीचे पाणी साडेनऊलाच कोमट होते, अकराला हात भाजतो. त्यात बर्फाचे गार पाणी. दुकान चालणारच.

आम्ही रागावलो. बाटली उचलून टेबलावर ठेवली, त्याला कंपासपेटी उघडायला लावली. आत एकोणीस रुपये निघाले. "ज्याचे त्याला परत कर," असे सगळ्या वर्गासमोर सांगितले. मुलगा रडला नाही, उलट बोललाही नाही. फक्त इतके म्हणाला, "टीचर, आपने ही तो बोला था." आणि थोड्या वेळाने, "अब्बू भी तो बेचते हैं ना?" त्याचे अब्बू बसस्टँडबाहेर पाण्याच्या बाटल्या विकतात. सकाळी पेट्या उचलतात, बर्फात लावतात, दुपारभर उन्हात उभे राहतात. शेवटी त्याने विचारले ते असे: पाच रुपयांचा बर्फ मी रोज आणला, तो कोण परत देणार?

तीन दिवसांचा बर्फ पंधरा रुपये, दादीने दिलेल्या खाऊच्या पैशांतून. विक्री एकोणीस. नफा चार रुपये. आमच्या न्यायाने त्याचे चार रुपये गेले आणि वर पंधरा रुपयांचा खड्डा पडला. घंटा वाजली म्हणून आमची सुटका झाली.

आम्ही काय बोललो होतो? परिसर अभ्यासात गरजांचा विषय आला की आम्ही मुलांना वस्तू, माल, खरेदी-विक्री यांची तोंडओळख करून देतो. पुस्तकाच्या थोडे बाहेर जातो, कारण ही मुले रोज किराणा आणायला जातात, सुटे पैसे मोजतात, उधारीच्या वहीवर अब्बूंच्या नावापुढे आकडा लिहिलेला पाहतात. बाजार त्यांना ठाऊक असतो, त्याची भाषा ठाऊक नसते. तर त्या दिवशी फळ्यावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "ज्यासाठी कोणी पैसे देतो तो माल." सोपे, सुटसुटीत, पाठ व्हायला बरे. त्या मुलाने ते पाठ केले नाही, वापरून पाहिले.

त्या रात्री आमची व्याख्या आम्हीच तपासत बसलो.

पहिली गोष्ट शब्दांची. आमच्या मुलांना घरात एक शब्द आणि पुस्तकात दुसरा मिळतो. घरी अम्मी म्हणते, "जा, सौदा ले आ." पुस्तकात असते वस्तू. दुकानदार म्हणतो माल संपला. जुन्या याद्यांत जिन्नस. मुलांना वाटते ही चार वेगळी प्रकरणे आहेत. खरे तर माल, जिन्नस, किंमत, नफा, दुकान, दलाल, हिशोब हे सगळे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत येऊन बसलेले. इतके घरचे झाले की कोणाला त्यांचे माहेर आठवत नाही. एक शब्द मात्र वाटेत फिरला. जकात. आमच्या लहानपणी शहराच्या वेशीवर जकात नाका असे आणि ट्रक थांबवून कर घेत. तेव्हा आम्हाला वाटे की मौलाना जुम्याला ज्या जकातीबद्दल सांगतात तीही तिथेच भरायची असते. तो नाका गेला, पण घोळ काही पिढ्यांच्या डोक्यात राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याचा विषय काढलाच नाही. धीर झाला नाही असे म्हणा. मुलांना सांगितले, घरातून एकेक वस्तू पिशवीत घालून आणा. मौल्यवान नको, फुटणारी नको. आणि अम्मीला विचारून.

पिशव्यांतून काय काय निघाले! साबण, खजुराची बी, अर्धी पेन्सिल, अंडे (फुटणारे नको म्हटले होते तरी), सांभाराची जुडी, पीको केलेल्या ओढणीचा तुकडा, मोबाईलचे जुने कव्हर, मूठभर माती. आम्ही फळ्यावर दोन घरे आखली. एकात माल, दुसऱ्यात माल नाही. मुलांनी एकेक वस्तू उचलायची आणि कोणत्या घरात ते सांगायचे. पाच मिनिटांत भांडणे सुरू झाली, आणि भांडण झाले की शिकणे सुरू झाले असे आम्ही समजतो.

अंडे आणलेल्या मुलाच्या घरी कोंबड्या आहेत. तो म्हणाला, माल. दादी शेजाऱ्यांना अंडी विकते. दुसरा म्हणाला, पण हे अंडे तर तू घरात खाणार होतास. मग कालचे विकलेले अंडे माल, आणि आजचे, त्याच कोंबडीचे, माल नाही? वर्ग गप्प झाला. अंड्याकडे बघून कोणालाही सांगता येईना.

सांभारावरून तर जास्तच झाले. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: तुम्ही जिला कोथिंबीर म्हणता तो आमचा सांभार.) भाजीवाली पावभर वांग्यांवर सांभाराच्या चार काड्या फुकट टाकते. फुकट आहे, म्हणजे माल नाही, असे अर्ध्या वर्गाचे मत. एका मुलीची मावशी भाजीचा ठेला लावते. तिने सांगितले, खाला पहाटे कॉटन मार्केटमधून सांभार पैसे देऊन आणते. म्हणजे आपल्याला फुकट, खालाला नाही. आम्ही फक्त इतके विचारले, मग त्या चार काड्यांचे पैसे कोण देतो? थोडा विचार करून एक मुलगा म्हणाला, "वांगे." हे उत्तर आम्हालाही सुचले नसते.

मूठभर माती आणणाऱ्याला सगळे हसले. माती कोण विकत घेणार? त्याचे मामा कुंभारांना माती पुरवतात, ट्रॅक्टरच्या भावाने. हसणारे थांबले.

तेव्हा आम्ही मुलांना बकऱ्याकडे नेले. बकरीद जवळ येत होती. वर्गातल्या एका मुलीच्या घरी बकरा आधीच आला होता, त्याचे नाव शेरू. आम्ही विचारले, शेरू माल आहे का? ती उभी राहिली आणि लाल चेहऱ्याने म्हणाली, "वो माल नहीं है, वो शेरू है." मागच्या बाकावरून आवाज आला, पैसे देऊनच आणला ना? मग आम्ही फळ्यावर शेरूचा प्रवास काढला. पालकहो, हा प्रवास तुम्हीही घरी मुलांसोबत काढून पाहा. अर्थशास्त्राचे इतके पाठ एका जिवात आम्हाला दुसरीकडे सापडले नाहीत.

खेड्यात ज्याने तो पाळला त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून तो विक्रीचाच होता. मंडीत व्यापाऱ्याकडे आला, तेव्हा तर पक्का माल: दात पाहिले, वजनाचा अंदाज घेतला, भाव झाला. अब्बूंनी पैसे मोजले आणि दोरी हातात घेतली, त्या क्षणी तो माल राहिला नाही. तोच बकरा, तीच शिंगे. त्याच्यात काहीही बदलले नाही. बदलली ती त्याला धरणाऱ्याची नीयत. कुर्बानी झाल्यावर त्याचे गोश्त घरात, नातेवाइकांत आणि गरिबांत वाटले जाते, विकता येत नाही. इतकेच नाही, कसायाची मजुरीही त्यातून देता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना कुर्बानीच्या उंटांचे काम सोपवले, तेव्हा मांस, कातडी सगळे वाटून टाकायला सांगितले आणि कसायाला मोबदला म्हणून त्यातले काही देऊ नये असे बजावले. मजुरी स्वतःच्या खिशातून द्यायची. मुलांना हे फार आवडले, कारण त्यांनी घरी पाहिले आहे: कसाई पैसे घेतो, आणि वर गोश्त दिले तर ते हदिया म्हणून, मजुरी म्हणून नाही.

पुढे कातडे. ते मदरशाला दिले जाते. मदरसा ते व्यापाऱ्याला विकतो आणि पैसा विद्यार्थ्यांवर खर्च करतो. म्हणजे जे माल नव्हते ते पुन्हा माल झाले. (अलीकडे कातड्याला भाव इतका कमी मिळतो की कित्येक ठिकाणी गोळा करणाऱ्यांचा रिक्षाभाडाही निघत नाही. तोही एक धडाच आहे. वस्तू तीच, घेणारा कमी झाला की मालाची किंमत उतरते.) कातडे मीठ लावून कारखान्यात जाते, चामडे होते, चामड्याची चप्पल होते, चप्पल इतवारीच्या दुकानात टांगली जाते. आणि कोणाच्या तरी पायात गेली की पुन्हा माल नाही. वर्ग हसून लोळला, पण शेरूची मालकीण हसली नाही, हेही लिहून ठेवतो.

आता फळ्यावरची आमची जुनी व्याख्या आम्हीच पुसली. नवी अशी झाली: विकण्यासाठी ठेवलेली किंवा विकायला तयार केलेली वस्तू म्हणजे माल. अर्थशास्त्राचा प्राध्यापक कदाचित नाक मुरडेल. त्याच्या पुस्तकात माणसाची गरज भागवणारी प्रत्येक वस्तू या नावात बसते, आणि हवा-ऊन यांना तो विनामूल्य वस्तू म्हणून वेगळे काढतो. तेही शिकवायचे, पण पाचवी-सहावीत. आठ वर्षांच्या मुलाला आधी हे दिसायला हवे की माल ही वस्तूची जात नाही, तिची अवस्था आहे. कपडा ओला असतो आणि वाळतो, तसे.

आपल्या शरीअतने हाच फरक किती बारकाईने केला आहे ते जकातीचा हिशोब करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. रमजानमध्ये गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आम्ही मुलांसमोर विचारले होते, तुमच्या दुकानातल्या कशावर जकात? तो म्हणाला, साखर, तांदूळ, तेल, बिस्किटे, जे विकायला आहे ते आजच्या भावाने मोजतो, त्यात रोकड मिळवतो, देणे वजा करतो आणि चाळिसावा हिस्सा काढतो. मग फ्रिज? काटा? कपाट? त्यावर नाही. ते विकायला नाहीत, वापरायला आहेत. समोरच्या रस्त्यावर फ्रिजचे दुकान आहे, तिथे मात्र फ्रिजवरच जकात. मुले दोन्ही दुकानांकडे आळीपाळीने बघत राहिली. एकाचे सामान, दुसऱ्याचा माल.

सेवांबद्दल थोडक्यात. दुकानाच्या बिलावर जीएसटी लिहिलेले असते. १ जुलै २०१७ पासूनचा हा कर, मराठीत वस्तू व सेवा कर. आम्ही मुलांना विचारले, वस्तू कळली, सेवा म्हणजे काय? ईदचे कपडे सगळ्यांच्या अंगावर होऊन गेले होते, तिथूनच सुरुवात केली. कापड गांधीबागेतून आणले, ते वस्तू. टेलरने शिवले, शिलाई दिली, ती सेवा. शिलाई पिशवीत घालून आणता येत नाही. ओढणीचा तुकडा आणणारी मुलगी तोवर गप्प होती. तिची अम्मी घरी पीको-फॉल करते. मागे एकदा तिने वहीत लिहिले होते, "अम्मी कुछ नहीं करती, घर पे रहती." त्या दिवशी तिने ओढणी वर धरली आणि म्हणाली, कापड दुसऱ्याचे, काठ अम्मीचा. आम्ही त्यावर काही बोललो नाही. गरज नव्हती.

मोमिनपुऱ्याची मुले आहेत, तेव्हा कापडावर थोडे थांबावेच लागले. मोमीन म्हणजे विणकर. ज्यांच्या पणजोबांच्या घरात हातमागाचा खटखट आवाज होता, त्या मुलांना धोटा म्हणजे काय ते चित्र काढून सांगावे लागते. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात सुरू झाली आणि नागपूरचे कापड दूरवर जाऊ लागले. आज त्या मिलच्या जागेवर मॉल आहे. एका मुलाने विचारले, "टीचर, माल रहता इसलिए मॉल बोलते क्या?" आम्ही हसून नाही म्हटले. पण जिथे माल तयार होत होता तिथे आता फक्त विकला जातो, हे त्याला सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी.

आणि संत्री. हिवाळ्यात, आंबिया बहाराच्या दिवसांत, वर्गात संत्री आणली होती तेव्हा काटोलकडचा एक मुलगा म्हणाला होता की त्याच्या नानांचा बगीचा विकला गेला. आम्ही हळहळलो. नंतर कळले, जमीन नव्हे, झाडावरची फळे विकली गेली. आमच्या भागात व्यापारी फळ तोडणीच्या बरेच आधी संपूर्ण बगीचा बोलून घेतात. मध्ये फळगळ झाली, गारपीट झाली की सौद्यात भांडण. प्रेषित (स.) यांनी फळ चांगले तयार होत असल्याची खूण दिसेपर्यंत झाडावरच्या फळाची विक्री मना केली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी मदिन्यात खजुरांवरून हीच भांडणे होत होती. आम्ही मुलांना दोन प्रश्न विचारले. फूल माल आहे का? आणि जे अजून नाही ते विकता येईल का? नाना काय करतात यावर आम्ही मत दिले नाही. ते कर्जाने बांधलेले असतील, आम्हाला काय ठाऊक.

असे चार दिवस गेले. पाण्याची बाटली परत मिळालेला मुलगा सगळ्या चर्चेत बोलत होता, पण आमच्याकडे बघत नव्हता.

खरी अडचण ही होती. "पाणी विकणे वाईट" असे सांगून मोकळे होणे आम्हाला सोपे होते, आणि वर्गातल्या तीस मुलांना ते पटलेही असते. पण मग तो मुलगा संध्याकाळी घरी जाऊन अब्बूंकडे कोणत्या नजरेने बघणार होता? शिक्षकाचे एक घाईचे वाक्य बापाची हलाल रोजी मुलाच्या मनात काळी करू शकते. पाणी, गवत आणि आग यांत सर्व माणसे भागीदार आहेत, ही हदीस आपण ऐकतो, ऐकवतो. पण त्याच हदीसीचा अर्थ सांगताना उलमा हेही सांगतात की नदीचे, विहिरीचे पाणी सगळ्यांचे, मात्र कोणी मेहनत करून ते आपल्या भांड्यात भरले, वाहून आणले, तर ते त्याचे, आणि तो ते विकू शकतो. बसस्टँडबाहेरचा माणूस पेट्या वाहतो, बर्फ विकत घेतो, छापील किमतीत बाटली देतो. त्यात आक्षेप कशाला? आणि त्याच्या मुलाने केले ते याहून वेगळे काय होते?

वेगळे एवढेच होते की एका मुलीला तहान लागली होती, तिच्याजवळ रुपया नव्हता आणि शेजारच्या बाकावर पाणी शिल्लक होते. उरलेले पाणी गरजवंतापासून अडवून ठेवू नये, हीसुद्धा शिकवण आहेच. वाचकांपैकी मोठ्यांना २०२१ चा एप्रिल आठवत असेल. ज्या हवेला आपण कधी वस्तूही समजलो नव्हतो, ती सिलिंडरमध्ये भरून मिळते का म्हणून याच शहरात लोक रात्रभर फोन करत होते. कोणी मिळेल त्या भावाने विकली, कोणी मशिदीच्या दारात फुकट ठेवली. माल दोन्हीकडे एकच.

वर्गात आम्ही बीर-ए-रूमाची गोष्ट सांगितली. मदिन्यात रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती. मालक पाणी विकत असे, मुहाजिरांपैकी अनेकांजवळ पैसे नव्हते. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेतली आणि सगळ्यांसाठी वक्फ करून टाकली. मुलांना वाटले होते गोष्ट इथे संपते. आम्ही विचारले, हजरत उस्मान (रजि.) यांनी मालकाकडून विहीर हिसकावली का? नाही. पैसे दिले? दिले. म्हणजे मालकाचा माल होता हे मान्य केले? केले. आणि मग? मग त्यांनी तो माल राहू दिला नाही.

शेवटचा धागा जोडला तो आम्ही नाही, अंडेवाल्या मुलाने. त्याच्या नानांना मागे रक्त लागले होते. तो म्हणाला, रक्त कोणी विकत नाही, मामाने फुकट दिले, तरी रक्तपेढीत पैसे भरावे लागले. ते कशाचे? आम्ही सांगितले, आपल्या देशात रक्त विकायला बंदी आहे. पण ते तपासावे लागते, पिशवी लागते, थंड ठेवावे लागते, त्याचा खर्च घेतात. हे ऐकताच मागच्या बाकावरून, चार दिवसांनी पहिल्यांदा आमच्याकडे बघत, आवाज आला, "मतलब पानी फ्री, बरफ के पैसे."

आम्ही त्याच्यापाशी गेलो आणि वर्गासमोर सांगितले की त्या दिवशी बर्फाचा हिशोब न करता पैसे परत करायला लावले, ते आमचे चुकले. पंधरा रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो घेईना. शेवटी दादीचे आहेत म्हटल्यावर घेतले. दुकान बंद करायला लावले त्याबद्दल मात्र आम्ही माफी मागितली नाही, आणि त्यानेही ती अपेक्षिली नाही असे वाटते.

मग मुलांनीच ठरवले. खिडकीत एक माठ ठेवायचा, पाणी सगळ्यांचे. माठ आमच्याकडून. फार ऊन असेल त्या दिवशी बर्फ, आणि बर्फाचे पाच रुपये वर्गाच्या गुल्लकातून, ज्याला जमेल त्याने टाकायचे, कोणी किती टाकले ते मोजायचे नाही. बर्फ कोण आणणार, हे विचारण्याची गरजच पडली नाही. फळ्यावरच्या दोन घरांत त्याने स्वतः खडूने लिहिले: बर्फ इकडे, पाणी तिकडे. माठाबद्दल वाद झाला, तो दोन्ही रेघांच्या मधोमध राहिला.

उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आधीच्या शनिवारी पारा त्रेचाळीसच्या वर गेला होता. पुरवठादार बर्फाची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "टीचर, सोमवारसे छे रुपये." भाव बर्फवाल्याने वाढवला की याने, ते आम्ही अजून विचारलेले नाही.